विषय: लेकीला क्लासिकल आर्किऑलॉजीत पीएचडी करायचीय, नक्की काय काय लागतं?

प्रेषक: मिशिगनमधल्या नोव्हायहून, एक आई

नमस्कार मंडळी,

मंडळाच्या ईमेल लिस्टवर गणपतीच्या नाटकाच्या मेल्समध्ये मधेच हा वेगळा विषय टाकतेय, राग मानू नका. आमची मोठी आता कॉलेजच्या ज्युनियर म्हणजे तिसऱ्या वर्षाला आहे, मेजर हिस्टरी. मागच्या वर्षी एका क्लासबरोबर ॲन आर्बरच्या केल्सी म्युझियमला गेली, तिथे कारानिस म्हणून इजिप्तमधलं एक गाव आहे त्याच्या वस्तू बघून आली, रोमन काळातली लहान मुलांची खेळणी, टोपल्या, कापडाचे तुकडे, आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात दुसरं काही नाहीच. मिशिगन युनिव्हर्सिटीच्याच लोकांनी १९२४ ते १९३५ तिथे खोदकाम केलं होतं म्हणे.

आता तिला ग्रीक-रोमन आर्किऑलॉजीत पीएचडी करायचीय. आम्ही दोघं इंजिनियर, घरात ह्यातलं कुणालाच काही कळत नाही. वेबसाइटवर प्रोफिशियन्सी, प्रिलिम्स, प्रॉस्पेक्टस, कँडिडसी असे शब्द आहेत, वाचून डोकं गरगरलं. तिचं लॅटिन फक्त एक सेमिस्टर झालंय, ग्रीक शून्य. किती वर्षं लागतात, पैसे किती लागतात, आणि तिचं काही राहून तर गेलं नाही ना? कोणाच्या ओळखीत कोणी असेल तर प्लीज सांगा.

प्रेषक: ओहायोहून (पूर्वी मिशिगनमधल्या कँटनला होते, लिस्ट सोडलेली नाही)

ताई, तुमचा मेल वाचला आणि लगेच लिहायला बसले कारण मी ह्याच विषयात पीएचडी केलीय, आणि तुमच्या मुलीच्या वयाची असताना मला हे सांगणारं कोणी नव्हतं.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते. तिला म्हणावं भाषांना आजपासून लाग. खोदकाम नंतर शिकता येतं, भाषा नंतर म्हटलं की वर्षं जातात.

मी पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधनं एमए करून इकडे आले. दोन सीझन ट्रेंचमध्ये म्हणजे खोदकामाच्या खड्ड्यात काढलेले, खापरं ओळखता यायची, खड्ड्याच्या भिंतीतल्या थरांचं चित्र म्हणजे सेक्शन काढता यायचा, मला वाटलं झालं की. पाच ठिकाणी अर्ज केले, पाचही ठिकाणहून नकार. त्यातल्या एका प्रोफेसरांनी मात्र स्वतःहून लिहिलं की तुझी फाइल चांगली आहे पण ग्रीक-लॅटिनशिवाय तुला आम्ही घेऊन काय करणार. खूप रडले तेव्हा. मग पोस्ट-बॅक म्हणून एक प्रकार असतो तो केला, म्हणजे डिग्री झालेल्यांनी फक्त ग्रीक-लॅटिन पक्कं करायला घेतलेलं एक वर्ष (पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटी, यूसीएलए वगैरे ठिकाणी असतं), आणि समरमध्ये ग्रीकचा इंटेन्सिव्ह कोर्स, दोन सेमिस्टर्सचं व्याकरण दहा आठवड्यांत. रोज टेस्ट.

इथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. मला शाळेत शंभर मार्कांचं संस्कृत होतं ते इतकं कामाला आलं! बरोबरची मुलं द्विवचन म्हणजे काय ह्याच्यावरच अडायची, मिडल व्हॉइस, म्हणजे क्रिया करणाऱ्याच्या स्वतःसाठी असते तेव्हाचं क्रियापदाचं रूप, त्यांच्या गळी उतरेना, आणि मला ते आत्मनेपद म्हणून सरळ कळलं. भूतकाळात क्रियापदाच्या आधी ग्रीकमध्ये 'ए' लागतो तिथे आपल्याकडे 'अ' लागतो, ग्रीक 'एफेरे' आणि संस्कृत 'अभरत्', अर्थही तोच, वाहून नेत होता. हे पहिल्यांदा फळ्यावर बघितलं तेव्हा अंगावर काटा आला होता. तुमच्या लेकीला घरात कोणी रामरक्षा नीट अर्थ लावून शिकवली असेल तर ते वाया गेलेलं नाही हे तिला सांगा.

आता काय काय लागतं ते. डिपार्टमेंटप्रमाणे थोडं इकडेतिकडे होतं पण सांगाडा सगळीकडे तोच. पहिली दोन-तीन वर्षं कोर्सेस, ग्रीक शिल्प, रोमन स्थापत्य, एजियन ब्राँझ एज म्हणजे ग्रीसकडचं कांस्ययुग, मातीची भांडी, नाणी किंवा शिलालेख, शिवाय ग्रीस-रोमच्या बाहेरचं काहीतरी, इजिप्त म्हणा मेसोपोटेमिया म्हणा. ह्याची फार काळजी करू नका, हे होऊन जातं.

मग प्राचीन भाषांच्या परीक्षा. ग्रीक आणि लॅटिन दोन्ही, बऱ्याच ठिकाणी एक वरच्या लेव्हलला आणि दुसरी थोडी खाली चालते. आधी न पाहिलेला उतारा देतात आणि भाषांतर कर म्हणतात.

त्याच्यावर आधुनिक भाषा, आणि हेच अर्ज करताना कोणाच्या लक्षात येत नाही. जर्मन वाचता यायलाच हवं आणि जोडीला फ्रेंच किंवा इटालियन. पहिल्यांदा वाटतं हे उगाच. पण बघा, ऑलिम्पियाचं उत्खनन जर्मन लोकांनी १८७५ मध्ये सुरू केलं, डेल्फीचं फ्रेंचांनी १८९२ मध्ये, पाँपेई आणि ओस्टियाचं बहुतेक सगळं इटालियनमध्ये, आणि ते मोठमोठे रिपोर्ट कोणी इंग्लिशमध्ये आणून ठेवलेले नाहीत. ज्या मूर्तीवर पेपर लिहायचा ती नक्की कुठल्या थरात सापडली हे त्या जाड जर्मन खंडातच असतं.

माझी जर्मनची परीक्षा पहिल्या फटक्यात गेली. एका रिलीफच्या म्हणजे दगडातल्या उठावाच्या शिल्पाच्या वर्णनाचं पान होतं, डिक्शनरी अलाउड, वेळ दोन तास. वाक्याच्या सुरुवातीला 'श्टेल्ट' होतं, मी लिहिलं 'ठेवतं', आणि पुढची तीन ओळींची भानगड त्या 'ठेवतं'वर रचत गेले. वाक्याच्या अगदी शेवटी एक छोटासा 'डार' बसलेला होता, तो मी सोडून दिला. दोन्ही मिळून क्रियापद होतं, 'चित्रित करतं'. एवढ्याशा 'डार'पायी सहा महिने गेले कारण परीक्षा पुढच्या सेमिस्टरलाच होती, आणि ती दुसऱ्या वर्षाच्या आत पास व्हावी लागते हे मला आमच्या डिपार्टमेंटमध्ये दुसरं वर्ष अर्धं संपल्यावर कोणीतरी सांगितलं. म्हणून तिला म्हणावं ॲडमिशन मिळाल्या मिळाल्या ग्रॅड हँडबुक मागून घे आणि त्यातल्या तारखा स्वतः कॅलेंडरवर लिही.

ह्यानंतर मोठी परीक्षा, कोणी कॉम्प्स म्हणतं कोणी प्रिलिम्स. लेखी आणि मग तोंडी. त्यात एक भाग असा की नुसता फोटो दाखवतात, खाली काही लिहिलेलं नाही, आणि हे काय, कुठलं, कोणत्या काळातलं आणि तुला हे कशावरून वाटतं ते सांगायचं. मार्क 'कशावरून' ह्याचे असतात. ते झालं की प्रॉस्पेक्टस, म्हणजे थीसिसचा आराखडा, तो पास झाला की तुम्ही कँडिडेट, मग थीसिस आणि डिफेन्स, म्हणजे थीसिसवरची तोंडी परीक्षा. माझी पोस्ट-बॅक धरून नऊ वर्षं झाली, नुसती पीएचडी आठ. सात-आठ धरूनच चाला.

फील्डवर्क तर लागतंच, पण ते आनंदाचं. अथेन्सला अमेरिकन स्कूल ऑफ क्लासिकल स्टडीज आहे, १८८१ ची संस्था, अथेन्सचा जुना बाजारचौक म्हणजे अगोरा त्यांनी १९३१ पासून खोदलाय आणि कोरिंथ हे प्राचीन शहर १८९६ पासून. तिथे एक वर्ष राहायला मिळालं तर सोडू नये. पहिले काही महिने सगळ्या ग्रीसभर बसने फिरवतात आणि प्रत्येकाला एकेक स्मारक वाटून दिलेलं असतं, त्याच्यासमोर उभं राहून सगळ्यांना समजावून सांगायचं. वसंतात कोरिंथला ट्रेंचमध्ये.

तिथे मी जे शिकले त्यातलं एक सांगते. तळहाताएवढं खापर असतं, भांड्याच्या तोंडाचा तुकडा. ते उलटं करून कागदावर धरायचं, कागदावर एकात एक अर्धवर्तुळं आखलेली असतात, आणि डोळा टेबलाच्या पातळीला आणून खापर पुढेमागे झुलवायचं, काठाखालनं उजेडाची फट दिसायची पूर्ण बंद होईपर्यंत. फट बंद झाली की ते भांडं जसं चाकावर उभं होतं तसं तुमच्या हातात उभं असतं. मग कुठल्या वर्तुळावर बसतंय ते बघून तोंडाचा व्यास वाचायचा. रंगासाठी मन्सेलचं पुस्तक, त्यात नंबर दिलेले रंगांचे नमुने असतात. एका खापराला पहिल्या दिवशी मला पाऊण तास लागला, महिन्याभराने दहा मिनिटं.

पैशाचं एकच, पीएचडीला स्वतःचे पैसे भरू नका. चांगल्या ठिकाणी फी माफ असते आणि वर स्टायपेंड, बदल्यात शिकवायचं. नुसत्या एमएला मात्र बऱ्याचदा खिशातनं जातात. समरच्या फील्ड स्कूललाही जातात, पण त्यासाठी आर्किऑलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिकाच्या स्कॉलरशिप्स असतात, त्या तिने जरूर बघाव्यात.

प्रेषक: मिशिगनमधल्या ट्रॉयहून, लिस्टवरचे एक काका

नमस्कार. माहिती छानच दिलीत, पण मी जरा स्पष्ट विचारतो, वाईट वाटून घेऊ नये. आठ वर्षं म्हणजे मुलगी तिशीला येते. पुढे नोकरी आहे का? माझ्या पुतण्याने हिस्टरीत पीएचडी केली, चार वर्षं ह्या गावातनं त्या गावात एकेका वर्षाच्या कॉन्ट्रॅक्टवर फिरला, शेवटी सोडून दिलं. आईवडिलांना हे आधी कळलेलं बरं. आणि दुसरं, आर्किऑलॉजीच करायची तर आपल्याकडे काय कमी आहे?

प्रेषक: ओहायोहून

काका, वाईट कशाला वाटेल, हा प्रश्न मलाही माझ्या बाबांनी विचारला होता.

पर्मनंट प्रोफेसरच्या जागा फार कमी आहेत हे खरंच आहे आणि हे मुलीला आजच सांगायला हवं, मीही प्रोफेसर नाहीये, म्युझियममध्ये कलेक्शन्सचं काम करते आणि संध्याकाळी एक क्लास शिकवते. पण दारं एकापेक्षा जास्त आहेत. शाळांमध्ये लॅटिनचे टीचर मिळत नाहीत अशी ओरड नेहमी असते. आणि इथे १९६६ चा एक कायदा आहे, नॅशनल हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन ॲक्ट, त्यामुळे फेडरल पैसा किंवा परमिट लागणारा रस्ता, पाइपलाइन काहीही करायचं तर आधी जुने अवशेष तपासावे लागतात, त्या कामाच्या फर्म्सना माणसं लागतात. तिथली साइट ग्रीक नसते हे उघड आहे, पण फील्ड स्कूल केलेलं असावं लागतं आणि थर वाचता यावे लागतात. म्हणून मी म्हणते पीएचडीच्या वाटेवर एमए पदरात पडेल असा प्रोग्राम बघा, म्हणजे मधे थांबावंसं वाटलं तरी हात रिकामे नाहीत.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या जवळचं आहे. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ मध्ये खोदकाम झालं, तिथल्या ब्राँझच्या वस्तूंमध्ये पोसायडनची छोटी मूर्ती आहे, समुद्राचा ग्रीक देव, ती टाउन हॉल म्युझियममध्ये आहे. पाँपेईला १९३८ मध्ये आपल्याकडची हस्तिदंती बाईची मूर्ती सापडली आणि तिच्यासारखीच एक आपल्या तेरला. आणि हे तेर म्हणजे 'पेरिप्लस'मधलं तगर. ते एका व्यापाऱ्याने ग्रीकमध्ये लिहिलेलं पुस्तक आहे, पहिल्या शतकातलं, त्यात पैठण आहे, कल्याण आहे, सोपारा आहे. मी ते मुळातनं वाचलं तेव्हा 'पैथाना' ह्या शब्दावर किती वेळ थांबले होते. तिकडे इजिप्तमध्ये तांबड्या समुद्रावर बेरेनिके बंदरात हिंदुस्थानी रांजणात साडेसात किलो मिरी सापडलीय, आणि २०२२ मध्ये बुद्धाची मूर्ती.

ह्याच्या पुढचं ऐका. आपल्या पश्चिम किनाऱ्याकडच्या साइट्सवर रोमन ॲम्फोरा (दोन कानांचे दारू-तेलाचे रांजण) म्हणून नोंदलेली बरीच खापरं नंतर पुन्हा तपासल्यावर मेसोपोटेमियातल्या टॉर्पेडो जार नावाच्या लांबट रांजणांची निघाली. आतनं काळं डांबर फासलेलं असतं त्यांना. हे कोणाला ओळखता आलं? जिने भूमध्य समुद्राकडची आणि हिंदी महासागराकडची अशी दोन्हीकडची खापरं हातात घेतली होती तिला. त्यामुळे आपलं की त्यांचं असं मला निवडावं लागलं नाही. दोन्हीकडच्या भाषा येणारी माणसं ह्या विषयात अजून थोडी आहेत, आणि तुमची लेक त्यातली एक होऊ शकते म्हणूनच मी भाषा भाषा करतेय.

प्रेषक: फार्मिंग्टन हिल्सहून, एक काकू

अगं बायांनो, मी पुण्यात मॅक्स म्युलर भवनमध्ये जर्मन शिकले आणि पुढे बावीस वर्षं शाळेत शिकवलं, रिटायर होऊन लेकाकडे आल्यापासून एक शब्द बोललेली नाही. त्या मुलीला माझ्याकडे पाठवा. बोलायला शिकवणार नाही, फक्त वाचायला. जर्मनमध्ये पोटवाक्यात क्रियापद आपल्यासारखं शेवटी जातं, मराठी येत असेल तिला तर निम्मं काम झालंय, वाक्य संपेपर्यंत धीर धरायची सवय आपल्याला असते. आणि ते 'डार' वगैरे, त्याला तुटणारी क्रियापदं म्हणतात, त्यांची माझ्याकडे दीडशेची यादी आहे हाताने लिहिलेली. गुरुवारी रात्री आठ, झूमवर. फी घेणार नाही, तिने मला त्या खापरांचं सांगायचं.

प्रेषक: नोव्हायहून

काय बोलू. तिने सगळे मेल्स बसून वाचले, मोठ्याने, 'एफेरे-अभरत्' तिच्या आजीला फोनवर ऐकवलं, आजी म्हणाली पुढचं रूप सांग.

लॅटिन टू ला नाव घातलंय, ग्रीक समरला. काका, पुतण्याचा नंबर मिळाला तर तिला त्याच्याशीही बोलायचंय, तिने स्वतः म्हटलं. ओहायोच्या ताई, ती तेरच्या म्युझियमचं विचारतेय, डिसेंबरात आम्ही सोलापूरला जाणारच आहोत, तिथून एका दिवसात होईल ना?

काकू, गुरुवार आठ पक्कं. डिक्शनरी कुठली घेऊन बसू विचारतेय.