आईच्या वहीतली जमेची बाजू

शेवंती:
काल माळा आवरताना आईची १९८७ची खर्चाची वही सापडली. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. खर्चाची बाजू गच्च: रॉकेल, गिरणी, इस्त्री, फी. जमेला महिन्यातून एकदाच बाबांचा पगार. उरलेल्या जागेत तिने फोटो कातरून चिकटवलेत! कुणाचा नुसता चेहरा, मध्येच एसटीचं तिकीट, आणि खाली पेन्सिलीने एकेक ओळ. शेजारच्या काकूंखाली "तापात तीन दिवस डबा". भावाच्या बालवाडीच्या फोटोखाली "फीसाठी बाई थांबल्या". कुणाकुणाचं देणं लागतो ते सगळं तिने जमेला धरलंय. आई जाऊन नऊ वर्षं झाली, आणि मला हे ठाऊकच नव्हतं. तुमच्याकडे आहे का असं काही? लिहा ना.

निशिगंध:
डोळे भरून आले गं. कुकर लावलाय, रात्री येते.

सांगलीकर:
२०१९चा पूर. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलेलं. घरी परतलो तर अल्बमची वीट झालेली. वडिलांनी भांडीकुंडी सोडून आधी फोटो धुवायला घेतले. घमेल्यात गार स्वच्छ पाणी, त्यात बुडवून अलगद सुटे करायचे, छापलेल्या बाजूला बोट लावायचं नाही, मग चिमट्याने दोरीवर. ओले फोटो एकमेकांवर वाळले की संपलं, सुटतच नाहीत. दीडशेतले चाळीसेक वाचले, तेही तुकड्यांत. आईने ते तुकडे एका प्लायवर लावलेत. मधोमध नुसता एक हात आहे, मनगटावर घड्याळ. कुणाचा ते कुणालाच ओळखू येत नाही. आम्हाला होडीत ओढून घेणाऱ्या पोरांचा फोटो काढायचं भान कुणाला होतं? आई म्हणते, तो हात त्यांच्या नावाने असू दे.

बारा चौकोन:
आमचा आग्फा क्लिक थ्री. रोलमध्ये बाराच फोटो, चौकोनी. रोल संपल्याशिवाय धुवायला द्यायचा नाही, त्यामुळे एकाच रोलमध्ये गणपती, आजोबांचं वर्षश्राद्ध आणि माझा दहावीचा निकाल! काळ्या पानांचा अल्बम, मध्ये बटर पेपर, फोटोला चिकटवायचे कोपरे. ते जिभेने ओले करायचं काम माझं. चव अजून आठवते.

शेवंती:
हो हो, कोपरे! आईने मात्र खळ वापरलीय बहुतेक. पानं कसरीने खाल्लीत. काय करू?

कागदकाम:
खळ पिठाचीच, कसर लागणारच. वही उन्हात ठेवू नका, रंग उडेल. आधी प्रत्येक पान मोबाइलवर टिपून घ्या, मग मऊ ब्रशने झाडा. आणि सगळ्यांनाच सांगते, ते जुने चिकट पानांचे, वर प्लॅस्टिक असलेले अल्बम असतील तर त्यातले फोटो काढायला घ्या. तो गोंद पिवळा पडतो आणि फोटो धरून ठेवतो. निघत नसेल तर दात साफ करायचा दोरा मागून करवतीसारखा सरकवा. ओढू नका.

टेम्सकाठी:
इथे ब्रिटिश म्युझियममध्ये मेरी डिलेनीची कागदी फुलं आहेत. १७६८मध्ये नवरा गेला, आणि सत्तरी ओलांडल्यावर बाईंनी कागद कातरून काळ्या कागदावर फुलं चिकटवायला घेतली. दृष्टी साथ देईना तोवर जवळजवळ हजार झाली. रोप कुणी दिलं तेही मागे लिहून ठेवायच्या! माझ्या आईला हे सांगितलं, तर तिने नागपूरला जुन्या लग्नपत्रिका कातरायला घेतल्या. अबोली छान जमलीय तिला.

बारा चौकोन:
लग्नपत्रिकांचा कागद मस्त जाड असतो. आमच्याकडे त्यांची गणपतीची मखरं व्हायची.

निशिगंध:
आले. ह्यांचे उपचार चालू होते तेव्हा मी रोज एक फोटो काढायचे, त्या दिवशी जे कुणी उपयोगी पडलं त्यांचा. रक्त द्यायला आलेला मुलगा, रिक्षावाले दादा, चादर बदलणाऱ्या मावशी. गल्लीतल्या स्टुडिओवाल्याने तिकिटाएवढे छापून दिले. ते कालनिर्णयच्या चौकोनांत चिकटवले, दुधाच्या खाड्यांशेजारी. ११ ऑगस्टचा चौकोन मोकळा आहे. १२ला दूधवाल्या दादांचा फोटो आहे. माणसं येणार म्हणून त्यांनी न सांगता दोन लिटर जास्त ठेवलं होतं.

सांगलीकर:
ताई, काय बोलू.

टेम्सकाठी:
ते कॅलेंडर जपून ठेव गं.

बारा चौकोन:
शेवंतीताई, काकूंच्या त्या डब्यात काय असायचं?

शेवंती:
मऊ भात, मेतकूट, लिंबाचं गोड लोणचं. काकू ८४ वर्षांच्या आहेत, ठाण्याला असतात. आत्ताच फोन केला, रविवारी वही घेऊन जातेय. म्हणाल्या, येताना रिकामा डबा आण.

कागदकाम:
काकूंचा फोटो काढाल तर मागे तारीख पेन्सिलीनेच घाला, हलक्या हाताने. बॉलपेनचा वण पुढे उमटतो.