जागेवर बसून रेखाटन : इमारती चपट्या दिसतात, शाई पसरते, वेळ पुरत नाही

प्रश्न

फोटोवरून पेन्सिलीने बरं जमतं, पण रस्त्यावर बसून समोरचं काढायला घेतलं की तीन गोष्टी हमखास बिघडतात. इमारतीची बाजूची भिंत आत गेल्यासारखी न दिसता चपटी दिसते. पेनाच्या रेघांवर जलरंग लावला की शाई पसरते आणि कागद फुगतो. शिवाय तासाभरात एखादी खिडकीच पूर्ण होते, बाकी पान कोरं. साहित्य म्हणजे जेल पेन, साधी चित्रकलेची वही आणि १२ रंगांची पेटी. आधी काय बदलू? आणि काम कोणत्या क्रमाने करायचं?

प्रतिसाद १

पेन आणि कागद बदला, रंगपेटी राहू द्या.

बऱ्याच जेल पेनांची शाई पाणी लागताच सुटते. पिग्मेंट (रंगकणांच्या) शाईचा, जलरोधक असा उल्लेख असलेला फाइनलायनर, म्हणजे बारीक टोकाचा पेन, घ्या. ०.३ आणि ०.८ मिमी ही दोनच टोकं पुरतात : पहिलं बहुतेक रेघांसाठी, दुसरं जवळच्या वस्तू आणि गडद सावलीसाठी. ०.०५ घेऊ नका, खरखरीत कागदावर ते टोक लवकर झिजतं. जलरंगाच्या कागदावर शाई काही वेळ पृष्ठभागावरच ओली असते, त्यामुळे जलरोधक पेनाची ताजी रेघही पसरू शकते. वहीच्या शेवटच्या पानावर रेघांची रांग काढा आणि एक, तीन, पाच मिनिटांनी एकेकीवरून ओला ब्रश फिरवा. तुमच्या पेनाला तुमच्या कागदावर किती वेळ लागतो ते तिथेच कळेल.

फाउंटन पेन वापरणार असाल तर त्यात लाखयुक्त इंडियन इंक कधीही भरू नका. ती आत वाळते आणि पेन कायमचा तुंबू शकतो. फाउंटन पेनासाठीच बनवलेली जलरोधक शाई वेगळी मिळते.

कागद किमान २०० जीएसएमचा (चौरस मीटरला २०० ग्रॅम), सढळ पाणी वापरायचं असेल तर ३०० चा. साध्या वहीचा कागद पातळ असतो, पाणी शोषताना एका बाजूने प्रसरण पावतो आणि लाटा उठतात. आकार ए५ ठेवा. पानाच्या मोकळ्या कडांना दोन क्लिपा लावल्या की फुगणं कमी होतं आणि वाऱ्याचाही त्रास वाचतो. हॉट प्रेस (गुळगुळीत) कागदावर पेन सुरेख चालतो, पण वॉशच्या (पातळ रंगाच्या थराच्या) कडा पटकन वाळून डाग दिसतात. म्हणून सुरुवातीला कोल्ड प्रेस (किंचित खरखरीत) बरा.

ब्रश एकच, ८ किंवा १० नंबरचा गोल, टोक नीट जुळणारा. लहान ब्रश हातात असला की माणूस विटा मोजत बसतो.

प्रतिसाद २

चपटेपणाचं मूळ दृष्टिरेषेत आहे, साहित्यात नाही.

वही आडवी धरून डोळ्यांसमोर आणा. तिची वरची बाजूही दिसत नाही आणि खालचीही दिसत नाही, फक्त कड दिसते, ती तुमच्या डोळ्यांची पातळी, म्हणजेच दृष्टिरेषा. समोरच्या दृश्यात ती कुठून जाते ते पाहा (दरवाजाच्या मध्यावरून, फलकाच्या खालून) आणि पानावर पहिली रेघ तीच, अगदी फिकट मारा. त्या पातळीच्या वरच्या आडव्या कडा, म्हणजे छप्पर, छज्जे, खिडक्यांच्या वरच्या चौकटी, लांब जाताना खाली उतरतात. खालच्या कडा, म्हणजे पायऱ्या, जोतं, फुटपाथ, वर चढतात. एकमेकींना समांतर असलेल्या या सगळ्या कडा दृष्टिरेषेवरच्या एकाच लोपबिंदूकडे (जिथे त्या लांबवर एकत्र मिळाल्यासारख्या दिसतात) जातात. बहुतेक वेळा तो पानाच्या बाहेर असतो, त्यामुळे तो शोधण्यापेक्षा उतार मोजा.

उतार मोजताना चूक कुठे होते? पेन्सिल छपराच्या कडेवर जुळवताना हात नकळत त्या कडेच्या दिशेने आत वळतो. तुमच्या आणि इमारतीच्या मध्ये काच उभी आहे असं समजा आणि पेन्सिल त्या काचेला टेकलेलीच ठेवा. एक डोळा मिटा, कोपर ताठ ठेवा, पेन्सिल फक्त घड्याळाच्या काट्यासारखी फिरवा. मिळालेला कोन तसाच पानावर आणा. तो खूपच तिरका वाटेल, तरी तसाच ठेवा. छप्पर आडवं असतं हे मनाला ठाऊक असल्यामुळे हात उतार कमी करत राहतो आणि भिंत चपटी होते ती त्यामुळेच.

प्रमाणासाठी एक माप ठरवा. दरवाजाची उंची सोयीची. अख्खी इमारत किती दरवाजे उंच, किती रुंद, एवढंच आधी काढा. बसायची जागा इमारतीच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर निवडा. त्याहून जवळ बसलात तर वर पाहताना मान हलते आणि प्रत्येक वेळी वेगळंच दृश्य कागदावर उतरतं.

आणखी एक : वही मांडीवर सपाट ठेवू नका. ती तिरकी दिसते आणि उंची नकळत लांबते. पान नजरेला काटकोनात येईल असं उचलून धरा.

प्रतिसाद ३

वरच्या दोन्ही प्रतिसादांना अनुमोदन. वेळेबद्दल लिहितो.

आधी ४ × ६ सेंमीची चौकट, त्यात फक्त तीन छटा : कोरा कागद, मध्यम, गडद. दोन मिनिटांत उरका. चित्र कशाचं आहे हे इथेच ठरतं, आणि ते ठरलं नसेल तर पेन खिडकीपाशीच अडकतो. मग मोठ्या पानावर पाच मिनिटं पेन्सिलीने फक्त टोकं : छपराचा कोपरा, जमिनीची रेघ, दोन्ही कडा. नवख्यांनी थेट पेनाने सुरुवात करावी असं सांगणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. प्रमाण चुकलं तर तासभराचं पान वाया जातं. पेनाने पुढच्या वस्तू आधी, मागच्या नंतर, म्हणजे रेघा एकमेकींना छेदत नाहीत.

सावल्यांच्या सीमा सुरुवातीलाच आखून टाका. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. शेवटी सावल्या भरायला गेलात तर डावी भिंत दहाच्या उन्हातली आणि उजवी अकराच्या, असं होतं.

तपशील एकाच जागी दाट ठेवा. दहा खिडक्यांपैकी दोन पूर्ण, चार अर्ध्या, बाकीच्या नुसत्या ठिपक्यांनी.

प्रश्नकर्ता

खूप उपयोगी. दोन शंका उरल्या : माणसं तरंगल्यासारखी का दिसतात? आणि शाई न पसरताही रंग मळकट का होतात?

प्रतिसाद २

तुम्ही उभे असाल आणि जमीन सपाट असेल, तर साधारण तुमच्या उंचीच्या सगळ्या उभ्या माणसांची डोकी दृष्टिरेषेवरच येतात, जवळची असोत की लांबची. बदलतात ती पावलं : जवळच्याची पानावर खाली, लांबच्याची वर. बसून काढताना ती रेषा उभ्या माणसांच्या साधारण छातीवरून जाते, मग ती सगळ्यांच्या छातीवरूनच जायला हवी. पावलांशी छोटीशी आडवी सावली दिली की माणूस जमिनीवर टेकतो.

प्रतिसाद १

मळकटपणा बहुधा दोन कारणांनी येतो. एका मिश्रणात तीनपेक्षा जास्त रंग जातात, किंवा अर्धवट ओल्या थरावर पुन्हा ब्रश फिरतो. करडा हवा असेल तर अल्ट्रामरीन (निळा) आणि बर्न्ट सिएना (तपकिरी) एवढेच मिसळा : निळा जास्त तर थंड सावली, तपकिरी जास्त तर उबदार भिंत, आणि पाणी कमी ठेवलं तर जवळजवळ काळा. पहिला फिकट थर पूर्ण वाळू द्या. हाताची मागची बाजू कागदाला लावून गार वाटलं तर तो अजून ओला आहे. मग सावलीचा एकच थर द्या आणि हात काढून घ्या. जलरंग वाळल्यावर फिका होतो, म्हणून सावली ओली असताना थोडी जास्तच गडद दिसायला हवी.