लायटर महागडा घ्यावा की साधा? आपला अनुभव सांगा

गेल्या आठवड्यात आईच्या स्वयंपाकघरातला गॅस लायटर ठिणगी देईनासा झाला, म्हणून कोल्हापुरातल्या महाद्वार रोडवरील भांड्यांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने ६० रुपयांच्या साध्या लायटरपासून ७०० रुपयांच्या चार्जिंगच्या लायटरपर्यंत सगळे प्रकार पुढे मांडले आणि जास्तीचे पैसे नेमके कशाचे मोजायचे, हे मला ठरवता येईना. लायटर स्वयंपाकघरातला असो, कारखान्यातला असो की खिशातला, ज्यांनी तो काही वर्षे हाताळला आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

निवृत्त विज्ञान शिक्षिका, शुक्रवार पेठ

आपल्या आईंचा लायटर अजून टाकू नका. या लायटरमध्ये इंधन नसतेच. खटका दाबला की आतली स्प्रिंगची हातोडी एका लहानशा स्फटिकावर आदळते आणि त्या आघातातून काही हजार व्होल्टचा दाब निर्माण होऊन टोकाशी ठिणगी पडते. दाबातून वीज निर्माण होण्याचा हा गुणधर्म क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवला, आणि ६० रुपयांच्या लायटरात जे तत्त्व आहे तेच ३०० रुपयांच्या स्टीलच्या लायटरातही आहे. आमच्याकडे पंचगंगेचे पाणी वाढू लागले की घरातल्या भिंतीसुद्धा ओलसर लागतात. अशा दिवसांत नळीच्या तोंडाशी तेलकट काजळी आणि दमटपणा साचतो व ठिणगी मधल्या काडीवरून बाहेर न पडता आतच विरते. जुन्या सुती कापडाचा पीळ करून मी नळीचे तोंड आतून पुसते आणि लायटर थोडा वेळ उन्हात किंवा कोरड्या फडताळात ठेवते. माझा साधा लायटर अशा निगेवर सहा वर्षे चालला. चार्जिंगचा लायटर मुलाने आणून दिला होता. निरांजन लावायला तो उत्तम आहे, परंतु त्याची ठिणगी दोन टोकांच्या अरुंद फटीतच राहते, त्यामुळे शेगडी पेटवण्यासाठी हात बर्नरच्या फार जवळ न्यावा लागतो. हे मला कधीच पटले नाही.

पानपट्टीचालक, लक्ष्मीपुरी

माझ्या वडिलांच्या काळी दुकानाच्या खांबाला जळता सुंभ टांगलेला असे, आता तिथेच दोरीला लायटर बांधलेला असतो. दिवसभरात तो कितीजणांच्या हातातून जातो याची मोजदाद नाही, म्हणून मी चाकाचा साधा लायटरच ठेवतो. खटक्याच्या लायटरची ठिणगी महिन्याभरात रुसते. चाकाच्या लायटरचा ठिणगी देणारा खडा मात्र बहुधा गॅस संपेपर्यंत पुरतो. जून २०२३ मध्ये केंद्र सरकारने २० रुपयांपेक्षा कमी आयातमूल्याच्या लायटरच्या आयातीवर बंदी घातली, तेव्हापासून मी माल घेताना झडप गळते का, हे प्रत्येक नग कानाजवळ धरून तपासतो.

वेल्डर, शिवाजी उद्यमनगर

गॅस कटर पेटवण्यासाठी आम्ही वाटीचा फ्लिंट लायटर वापरतो. त्यात गॅस नसतो, दांडा दाबला की खडा खरवडला जातो आणि वाटीत ठिणग्या पडतात. येथे महागड्या लायटरचा प्रश्नच येत नाही. कामावर नव्याने येणाऱ्या मुलांना मी पहिल्याच दिवशी एक गोष्ट बजावतो, की प्लॅस्टिकचा गॅस लायटर खिशात ठेवून वेल्डिंगला बसायचे नाही. एखादी तापलेली ठिणगी त्यावर पडून प्लॅस्टिक वितळले, तर आतला दाबाखालचा ब्युटेन वायू थेट अंगावर पेटतो.

भटकंती करणारा, राजारामपुरी

पन्हाळा ते पावनखिंड हा प्रवास मी जुलैमध्ये चार वेळा केला आहे. दुसऱ्या खेपेस हौसेने वाऱ्यातही विझत नाही असा झिप्पो कंपनीचा, द्रव इंधनावर चालणारा लायटर घेऊन गेलो आणि मुक्कामी चहासाठी चूल पेटवायची वेळ आली तेव्हा तो कोरडा निघाला. मी तो दोन आठवड्यांपूर्वी भरला होता आणि त्याचे इंधन न वापरताही उडून जाते, हे मला ठाऊक नव्हते. सोबतच्या काकांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत दुहेरी गुंडाळलेला १५ रुपयांचा लायटर काढला, ओलसर चाक शर्टाच्या आतल्या बाजूला पुसले आणि तिसऱ्या प्रयत्नात जाळ धरला. तेव्हापासून असे दोन लायटर वेगवेगळ्या खिशांत ठेवतो.

बँक कर्मचारी, ताराबाई पार्क

वरील अनुभव खरा असला तरी झिप्पोची दुसरी बाजू मला मांडावीशी वाटते. मामांनी १९९४ मध्ये दिलेला पितळी लायटर आजही माझ्या वापरात आहे. १९३२ मध्ये अमेरिकेतील ब्रॅडफर्ड येथे सुरू झालेली ही कंपनी लायटर आयुष्यभर विनामूल्य दुरुस्त करून देण्याची हमी देते. मला मात्र ती कधी वापरावी लागली नाही, कारण यातले झिजणारे सगळे भाग स्वतःला बदलता येतात. आतला भाग बाहेर ओढला की तळाशी फेल्टचा तुकडा दिसतो. तो उचलून कापसावर इंधन सोडायचे आणि त्याच्याच खाली जादा खडा जपून ठेवायचा. वात काजळली की चिमट्याने थोडी वर ओढून टोक कापायचे. एकदा झाकणाची बिजागरी ढिली झाली, ती उद्यमनगरातल्या एका टर्नरने तारेचा बारीक खिळा बसवून अर्ध्या तासात घट्ट करून दिली. दर आठवड्याला इंधन भरण्याची सवय ज्याला नाही, त्याने हा घेऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. मी तो रविवारी सकाळी भरतो आणि झाकणाचा आवाज ऐकला की मामांची आठवण येते. ही किंमत मी आनंदाने मोजली असती. विमानप्रवासाला मात्र तो घरीच ठेवतो, कारण आपल्याकडे लायटर ना अंगावर नेता येतो ना सामानात.

पुन्हा मी, धागाकर्ता

बाईंनी सांगितल्याप्रमाणे कापडाचा पीळ करून नळी पुसली. कापड काळे निघाले, आणि दुपारी ऊन दाखवल्यावर आईने त्याच लायटरने शेगडी पेटवली. त्यामुळे नवा लायटर तूर्त घेत नाही. गुजरीतील सोनार कारागीर दागिन्यांना डाग देताना (सांधा जोडताना) झोतासारखी ज्योत देणारा जेटचा लायटर वापरत असतील, तर तो किती दिवस टिकतो आणि पुन्हा गॅस भरल्यावर पहिल्यासारखा जळतो का, हे त्यांच्यापैकी कोणी अवश्य लिहावे.