मदत हवी आहे: सासूबाईंचा दमा, शेजारचा जनरेटर आणि 'समाधानकारक' हवा (ग्वाल्हेर)

मंडळी, बऱ्याच महिन्यांनी लिहितेय आणि तेही रडगाणं घेऊन, माफ करा.

आम्ही ग्वाल्हेरला लष्कर भागात राहतो, दुसऱ्या मजल्यावर. सासूबाई 71 वर्षांच्या. दमा जुना, पण पावसाळ्यात देवपूजा, भाजी निवडणं, खाली जाऊन दूध आणणं सगळं त्याच करतात. दिवाळी उलटली की सुरू होतं. रात्री दोन-अडीचला उशी पोटाशी धरून बसलेल्या असतात आणि छातीतून मांजर घुरघुरावं तसा आवाज.

किराण्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर मी दम्याचा खर्च लिहिते. गेल्या नोव्हेंबर ते फेब्रुवारीत दोन तऱ्हेचे पंप, नेब्युलायझरची औषधं, डॉक्टरांच्या खेपा आणि दोन रात्री ॲडमिट, असे मिळून 34,600 रुपये झाले. मेडिक्लेमने त्या दोन रात्रींचे दिले, पंपांचे नाही. माझ्या सहा बिनपगारी रजा यात धरलेल्या नाहीत. नवऱ्याचं म्हणणं, 'थंडी आहे, होणारच.' यांना काय, झोप गाढ आहे.

मला संशय आहे तो मागच्या मॅरेज गार्डनचा. लगीनसराईत त्यांचा डिझेल जनरेटर संध्याकाळी सातला सुरू होतो तो मध्यरात्रीपर्यंत. सासूबाईंच्या खोलीच्या खिडकीचे गज सकाळी पुसले तर फडकं काळं होतं. यंदा तिथल्या मॅनेजरकडे गेले, तर त्याने शहरातल्या हवेचे आकडे दाखवणारं ॲप उघडून मोबाइलच पुढे केला. 'बहनजी, देख लो, नाइट्रोजन वाला तो हरा है.' खरंच हिरवा होता, एनओटू (नायट्रोजन डायऑक्साइड वायू) पन्नास-साठच्या दरम्यान, 'समाधानकारक'. लाल होता तो पीएम 2.5, म्हणजे हवेतले अतिबारीक कण.

मग माझा संशय खोटा का? एअर प्युरिफायर घ्यावा का, की पैसे पाण्यात? आणि तक्रार करायची तर कशाच्या जोरावर? कुणी या विषयातलं असेल तर सांगा.

कंपूवाला:
ताई, हिरव्या रंगावर जाऊ नका. आपल्याकडे एनओटूची 24 तासांची मर्यादा घनमीटरला 80 मायक्रोग्रॅम आहे, म्हणून साठ हिरवा दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये 24 तासांसाठी 25 चीच मर्यादा सुचवली. शिवाय एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा एकूण आकडा) म्हणजे सरासरी नव्हे, प्रत्येक प्रदूषकाचा वेगळा उपनिर्देशांक काढतात आणि ज्याचा सगळ्यांत जास्त तोच आकडा ठळक दाखवतात, बाकीचे त्याच्या आड जातात. आणि हवा मोजणारं ते यंत्र तुमच्या खिडकीत थोडंच बसवलंय?

बडोद्याहून:
खताच्या धंद्यात 22 वर्षं काढली, म्हणून बोलतो. तुमचा हिरवा आणि तुमचा लाल हे दोघे वेगळे नाहीत. डिझेलच्या धुरातला नायट्रोजन ऑक्साइड हवेत राहून नायट्रिक आम्ल होतो. त्याला शेतातल्या युरियातून आणि गुरांच्या शेणमुतातून उडालेला अमोनिया भेटला की अमोनियम नायट्रेटचे बारीक कण बनतात, म्हणजे पीएम 2.5 च. उन्हाळ्यात हे कण पुन्हा वायू होऊन विरतात, थंडीत टिकतात. त्यात थंडीची हवा जमिनीलगत दबून बसते. तेव्हा यजमान 'थंडी आहे' म्हणतात ते अर्धं बरोबर आहे.

गंमत बघा, हाच युरिया पाण्यात विरघळवून नव्या ट्रकांत डीईएफ म्हणून भरतात. तिथे तो धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडचा साधा नायट्रोजन करतो. शेतात उपद्व्यापी, ट्रकात शहाणा.

तुमच्या वहीसारखी वही युरोपनेही मांडली होती. 2011 च्या अहवालात नायट्रोजनचं हवा-पाणी-माती मिळून नुकसान वर्षाला 70 ते 320 अब्ज युरो धरलं होतं. भारतात 2019 साली सगळ्या हवा-प्रदूषणाने मिळून साधारण 16.7 लाख मृत्यू आणि देशाच्या उत्पन्नाच्या 1.36 टक्के तोटा, असा लॅन्सेटमधला अंदाज आहे. तुमच्या बिनपगारी रजा असल्याच हिशेबात बसतात.

प्युरिफायरचं सांगतो. हेपा फिल्टर कण अडवतो, वायू नाही. एनओटूसाठी कार्बनचा फिल्टर लागतो, आणि स्वस्त यंत्रात तो नावालाच असतो. आधी घरातलं पाहा. स्वयंपाकघर बंद ठेवून गॅस पेटवता का? गॅसमध्ये नायट्रोजन नसतो, पण ज्योतीच्या आचेने हवेतला नायट्रोजन ऑक्सिजनशी जुळतो आणि घरातच नायट्रोजन ऑक्साइड तयार होतात. बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर तो बाहेर बसवा. त्यात कार्बन मोनॉक्साइडचाही धोका आहे.

मूळ लेखिका:
दादा, ओशाळले. हिवाळाभर आम्ही स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतो, एग्झॉस्टच्या भोकात पेपर कोंबलेला आहे. सासूबाईंची खोली अगदी लागून. पेपर आजच काढला. गीझर नशिबाने विजेचा आहे.

पण मॅनेजरला काय सांगू?

कंपूवाला:
भांडू नका, मोजा. जनरेटरच्या धुराड्याला नियम आहे: ज्या इमारतीत तो बसवलाय तिची उंची, अधिक केव्हीएच्या (जनरेटरच्या क्षमतेच्या) वर्गमूळाच्या 0.2 पट मीटर. केव्हीए त्याच्या पाटीवर लिहिलेला असतो. 100 चा असेल तर छताच्या वर 2 मीटर धुराडं हवंच. फोटो काढा, 181 वर (मुख्यमंत्री हेल्पलाइन) तक्रार नोंदवा, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या समीर ॲपवरही टाका. आणि डॉक्टरांना विचारून पंपाची मात्रा लगीनसराईच्या आधीच ठरवून घ्या, रात्री अडीचला नव्हे.

मूळ लेखिका:
भाचीला घेऊन गेले, गाजर का हलवा पोचवायच्या निमित्ताने. पाटीवर 62.5 लिहिलंय. तिने तिथेच मोबाइलवर हिशेब केला: छताच्या वर 1.58 मीटर. धुराडं छताच्या वर नाहीच, आमच्या खिडकीच्या दीड हात खाली संपतं, तोंड आमच्याकडे. तीन फोटो काढलेत. 181 लागत नव्हता, उद्या पुन्हा करते.