‘दार उघडंच होतं की!’ म्हणणाऱ्यांसाठी

रानजाई

कालच्या बाबाबुवांच्या धाग्यावर ‘उलटतपासणी’ यांनी लिहिलं होतं: "आश्रमाला कुलूप नसतं. मोठी माणसं आपल्या पायांनी जातात आणि हौस फिटली की बाहेर येऊन ब्रेनवॉशिंगच्या मुलाखती देतात. दार उघडंच होतं की!" खाली +१ चा पाऊस. माझं उत्तर तिथे मावेना म्हणून वेगळा धागा. लांब आहे. कंटाळा येईल त्यांनी सरळ खाली भांडायला जावं.

आमचं अख्खं घर एका मंडळात होतं. नाव लिहिणार नाही आणि ओळखणाऱ्यांनीही लिहू नये, माझे आईवडील अजून तिथेच आहेत. वडिलांचा प्रॉव्हिडंट फंड सभागृहाच्या स्लॅबमध्ये गेला. भाऊ एका गुरुबंधूंच्या वर्कशॉपमध्ये कामाला. ताईचं स्थळ महाराजांनी सुचवलेलं. राहतं घर ट्रस्टच्या जागेवर. आता सांगा, मी दार उघडायचं तर कोणतं? माझ्या एकटीच्या जाण्याने भावाची नोकरी, ताईचं सासर आणि वडिलांचं छप्पर, तिन्ही ठिकाणी चौकशी लागणार होती. लागलीच. आईला सांगितलं गेलं की मुलीशी बोलणं ठेवायचं असेल तर सत्संगात पुढे बसता येणार नाही. आईने पुढची जागा निवडली. मी तिला दोष देत नाही. म्हणजे देते, पण वर्षातून एकदाच, दिवाळीत.

बाहेर पडून बराच काळ लोटल्यावर स्कूटर घसरून माझा हात मोडला. रस्त्यावर पडल्या पडल्या मनात काय आलं? गुरुद्रोह. मी केमिस्ट्रीत एमएस्सी आहे.

आणि ज्या स्वातंत्र्याचं एवढं कौतुक चाललंय ते असं होतं: पुण्यात पेइंग गेस्ट असताना आयुष्यात पहिल्यांदा कांदा घातलेले पोहे खाल्ले. आवडले नाहीत. तरी संपवले. गुरुवारी संध्याकाळी काय करायचं ते समजायचं नाही, कारण जन्मापासून ती वेळ आरतीची. पडदे कोणत्या रंगाचे घ्यावेत हे विचारायला माणूस शोधायचे.

माझं सोडा. भगवान रजनीशांचं (म्हणजे ओशोंचं) अमेरिकेतलं कम्यून, रजनीशपुरम घ्या, ते तर जगजाहीर आहे. १९८१ मध्ये ओरेगॉनमध्ये ६४,००० एकरांचं रँच घेतलं, माणसं तिथे बिनपगारी बारा-बारा तास राबली. १९८५ च्या सप्टेंबरात त्यांची सेक्रेटरी शीला युरोपला निघून गेली, ऑक्टोबरात खुद्द भगवानांना शार्लटच्या विमानतळावर अटक झाली, नोव्हेंबरात ते दंड भरून देशाबाहेर. मागे राहिलेल्यांत आपली पुंजी देऊन टाकलेले, घरच्यांशी संबंध तोडलेले कित्येक होते. दार सताड उघडं होतं हो. जायचं कुठे, तेवढं सांगा.

उलटतपासणी

माझं वाक्य अर्धंच उचललंत. पुढे मी असंही लिहिलं होतं की फसवणूक झाली असेल तर कोर्टात जा. ते सोयीस्करपणे गाळलं.

तुम्ही ओरेगॉन काढलंत ते बरं झालं. १९८४ मध्ये तिथल्या द डॅल्स गावात दहा रेस्टॉरंटांच्या सॅलडमध्ये साल्मोनेला मिसळला, ७५१ माणसं आजारी पडली. कशासाठी? नोव्हेंबरच्या काउंटी निवडणुकीत गावकऱ्यांनी मतदानाला जाऊ नये म्हणून. ज्या हातांनी ते मिसळलं तेही तुमच्या हिशेबाने बिचारे बळीच ना? मग सॅलड खाणारे कोण?

आमच्या काकांनी चालतं दुकान एका बाबांच्या पायावर वाहिलं. काकूने शिवणकाम करून दोन पोरं वाढवली. काका परत आले तेव्हा आजीने ओवाळून घरात घेतलं, ‘माझा भोळा सांब’ म्हणत. काकूला कुणी विचारलं नाही. भोळेपणाची किंमत नेहमी दुसराच कुणीतरी भरतो, म्हणून मला या ‘सर्व्हायव्हर’ कथांची चीड येते. व्यक्तिशः घेऊ नका.

रानजाई

व्यक्तिशः माझ्यावरच लिहून ‘व्यक्तिशः घेऊ नका’? छान.

काकूबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे. पण काकूही त्याच बाबांची बळी, हे तुम्हाला दिसत नाही. तुमचा राग भोळ्या सांबावर, बाबांवर एक ओळ नाही.

अण्णा इचलकरंजीकर

ताई, तुमच्याबद्दल वाईट वाटलं. पण असे धागे निघाले की शेवटी दगड आमच्यावरच येतात. मी माळकरी आहे, वडील माळकरी होते. एखाद्या वर्षी वारी चुकली तर कुणी घरी चौकशीला येत नाही, दंड मागत नाही. माळ काढून ठेवली तरी पांडुरंग मुलीचं लग्न मोडत नाही. सगळ्यांना एकाच तागडीत तोलू नका.

नास्तिक नाना

अण्णा, माळ काढून ठेवून बघा एकदा, पांडुरंग नाही पण भावकी काय करते ते कळेल.

अण्णा इचलकरंजीकर

नाना, भावकी कांदे निवडण्यावरूनसुद्धा भांडते. त्याला संप्रदाय लागत नाही.

केपीवाला

मूळ धाग्याशी माझा संबंध नाही, पण ओरेगॉनबरोबर रजनीशांच्या पुण्यातल्या आश्रमालाही फोडणी बसणार हे दिसतंय म्हणून लिहितो. मी कोरेगाव पार्कात वाढलो. १९७४ मध्ये आश्रम आला तेव्हा इकडे झाडं, संस्थानिकांचे बंगले आणि शांतता, बाकी काही नव्हतं. आमच्या गल्लीतले संन्यासी सभ्य होते. पुणेकरांनी मात्र नळावरच्या गप्पांतून काय काय उठवलं!

सदाशिवपेठी

उठवलं? जानेवारी १९७९ मध्ये आश्रमाच्याच प्रेस ऑफिसने जाहीर केलं होतं की थेरपी ग्रुप्समधल्या हिंसेचं काम झालं, ती आता बंद. म्हणजे तोवर चालू होती! नळावरच्या बायका कमीच बोलल्या म्हणायचं.

केपीवाला

बंद केली हेही तुम्हीच लिहिताय. आणि पेठेतल्या लोकांनी नैतिकतेच्या गप्पा मारू नयेत. गॅरेज, माळा, मोलकरणीची खोली, जे मिळेल ते गोऱ्यांना भाड्याने दिलं पुणेकरांनी. ज्यांना परवडेना ते नदीकाठी बांबूच्या झोपड्यांत राहिले. दिवसा भाडं घ्यायचं आणि संध्याकाळी ‘संस्कृती बुडाली’.

सदाशिवपेठी

पेठेत गॅरेज असायला आधी गाडी लागते. भाडं खाल्लं ते तुमच्या भागातल्या बंगलेवाल्यांनी. आमच्याकडे भाडेकरू एकच, तोही १९५२ पासूनचा, अजून खोली सोडत नाही.

केपीवाला

बघा, आली पेठी वृत्ती.

उलटतपासणी

हा धागा कशावर आहे?

सदाशिवपेठी

तुम्हीच म्हणालात ना, आपल्या पायांनी आलेत, आपल्या पायांनी जातील. :)

बाकी जमिनीचं निघालंच आहे तर: कोविडमध्ये तोटा झाला म्हणून आश्रमाचे दोन भूखंड १०७ कोटींना विकायला काढले होते. अनुयायांनीच विरोध केला आणि २०२३ च्या डिसेंबरात धर्मादाय सहआयुक्तांनी परवानगी नाकारली. गुरू १९९० मध्ये गेले, मृत्युपत्राचं प्रकरण हायकोर्टापर्यंत पोचलं. ध्यान राहिलं बाजूला, सातबाऱ्यावरून भांडण.

केपीवाला

भूखंड विकायला काढणारे निराळे आणि अनुयायी निराळे. त्याच वर्षी मार्चमध्ये गळ्यात रजनीशांची माळ घालून आत जायचं म्हणणाऱ्या अनुयायांना गेटवर अडवलं, राडा झाला, पोलिसांनी लाठ्या चालवल्या. हे लोक तिथून सुटायला नव्हते आले, आत जायला आले होते. रानजाईंनी याचाही विचार करावा.

रानजाई

केला. ज्या गुरूने माळ दिली त्याच्याच दारात माळेसाठी लाठ्या खायच्या आणि तरी आतच जायचं असतं. मला हे जितकं समजतं तितकं तुम्हाला समजणार नाही. शीलाचं बघा. गुरूने जगासमोर तिच्यावर सगळं ढकललं, ती तुरुंगात जाऊन आली, स्वित्झर्लंडमध्ये वृद्ध आणि अपंगांची केंद्रं चालवू लागली, आणि तरीही सांगते की माझं त्यांच्यावर प्रेम आहे. बाहेर पडून चाळीसेक वर्षं झाली. आता हिला सुटलेली म्हणायचं का?

(ती माझी हिरॉईन नाही. साल्मोनेला विसरलेले नाही.)

पॅथॉलॉजिस्ट

शिकलेली माणसं कशी फसतात, असं कालच्या धाग्यावर कुणीतरी विचारत होतं. २० मार्च १९९५, टोकियोची मेट्रो. सरीन हा विषारी वायू सोडणाऱ्या ओम् शिनरिक्यो या जपानी पंथाच्या माणसांत एक हृदयशल्यविशारद होता. बाकीच्यांत फिजिक्स आणि इंजिनिअरिंगवाले. आमच्या लॅबमध्ये एमडी झालेले लोक मशीनला लिंबू-मिरची बांधतात, तो विषय वेगळा. मशीन तरीही बंद पडतं, तोही.

नास्तिक नाना

यासाठीच दाभोलकरांनी जीव दिला. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे ना, रानजाईंनी तक्रार का नाही केली?

रानजाई

नाना, कायदा वाचलाय का? त्याच्या अनुसूचीत ठरावीक कृत्यं आहेत. भूत उतरवायला मारहाण, चमत्काराचा दावा करून लुबाडणं, अलौकिक शक्ती आहे सांगून शोषण, अशी. कीर्तन, प्रवचन, उपासना त्यातून स्पष्टपणे वगळलेली, आणि ते योग्यच आहे. माझ्या वडिलांनी फंडाचा चेक हसत हसत दिला, पावती घेऊन. वर आयकरात ऐंशी-जीची सवलतही मिळवली. महाराजांनी हवेतून अंगारासुद्धा कधी काढला नाही. कलम कुठलं लावू?

नास्तिक नाना

मग कायदा अपुरा आहे.

अण्णा इचलकरंजीकर

झालं. म्हणजे उद्या दिंडीला वर्गणी दिली तरी एफआयआर.

जास्वंद

मी सहसा लिहीत नाही. मी अजून एका केंद्रात जाते. मिस्टर गेले तेव्हा तेराव्यानंतर नातेवाईक पांगले. केंद्रातल्या बायका कित्येक महिने आळीपाळीने डबा आणत होत्या, मुलाच्या फीचं त्यांनीच बघितलं. तुमच्यासारखी विवेकी माणसं आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतात. लिफ्टमध्ये भेटली की मान डोलवतात. तुम्ही मला बाहेर काढाल हो, पण संध्याकाळी सात वाजता माझ्याकडे कोण येणार आहे?

नास्तिक नाना

भावनिक ब्लॅकमेल. डबा आणण्यासाठी गुरूचा फोटो कशाला लागतो?

जास्वंद

लागू नये. पण आणला त्यांनीच.

रानजाई

नाना, गप्प बसा जरा. जास्वंद, आमच्याकडेही डबे यायचे. मंडळातलं प्रेम खोटं नव्हतं, म्हणूनच तुटलं तेव्हा एवढं लागलं. माझा एकच प्रश्न आहे, आणि उत्तर इथे देऊ नका: उद्या तुम्ही सांगितलंत की मी आता येणार नाही, तर त्यातल्या किती जणी चहाला येतील? चौघी आल्या तरी माझं काही म्हणणं नाही. माझ्याकडे एकही आली नाही.

उलटतपासणी

बराच वेळ गप्प होतो. दोन गोष्टी.

एक, मुलांच्या बाबतीत तुमचं मानलं. रजनीशांच्या कम्यूनमध्ये लहानाचे मोठे झालेल्या काहींनी आता उघडपणे सांगितलंय की लहानपणी तिथे त्यांचं लैंगिक शोषण झालं. त्या पोरांना पाय त्यांच्या आईबापांचे होते. तुम्हीही जन्मापासून आत होतात हे मी नीट वाचलं नव्हतं, कारण तुम्ही ते पोह्यांच्या मागे लपवलंत.

दोन, मोठ्यांच्या बाबतीत एक इंचही मागे सरणार नाही. तुमच्या वडिलांनी चेक स्वतःच्या सहीने दिला. ते बळी असतील, पण तुमच्या शिक्षणाचे पैसे स्लॅबमध्ये घालणारेही तेच. तुम्ही वर्षातून एकदा दिवाळीत दोष देता, तो त्यांच्या वाट्यालाही येऊ द्या.

रानजाई

माझ्या घरातला हिशेब मी बघेन. पहिल्या मुद्द्याबद्दल आभार मानायचे होते, पण त्यातही चूक माझ्याच लेखनाची काढलीत, तेव्हा राहू दे.

पॅथॉलॉजिस्ट

उतपा साहेबांनी मानलं! धागा संग्रहात ठेवा.

नवीन सदस्य

माफ करा, मध्येच विचारते. माझी धाकटी बहीण सात-आठ महिने एका ग्रुपमध्ये जातेय, आता नोकरी सोडून तिकडेच राहायला जायचं म्हणते. आईने तिच्याशी बोलणं बंद केलंय. काय करावं?

रानजाई

आधी आईला बोलायला लावा. ग्रुपवाले तिला सांगतच असतील की घरचे तुला समजून घेणार नाहीत, आणि आई ते खरं करून दाखवतेय. गुरूवर वाद घालू नका, तुम्ही हराल. तिच्या कामाबद्दल, मांजराबद्दल, दातदुखीबद्दल बोला. पैसे मागितले तर देऊ नका, जेवायला मात्र बोलवत राहा. शैक्षणिक कागद, पासबुक, आधारच्या प्रती घरी राहतील असं बघा. नोकरी सोडण्याऐवजी बिनपगारी रजा मिळते का, तेवढं विचारायला सांगा. ती चिडून बोलली तरी शेवटचं वाक्य तुमचं कडू नको. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, माझा नंबर देते.

जास्वंद

आणि तिथे तिला कोणी डबा आणत असेल तर त्याची टिंगल करू नका.

उलटतपासणी

कागदांचं पहिलं करा. काकांच्या दुकानाचे कागद अजून सापडलेले नाहीत.

केपीवाला

सगळं ठीक, पण गॅरेजवाला मुद्दा कुणीच खोडलेला नाही हे नमूद करतो.

सदाशिवपेठी

नमूद झालं. आता आमचा तो १९५२ चा भाडेकरू तुमच्या गॅरेजमध्ये घेता का?