५८एस बायोग्लास: एसबीएफमध्ये ॲपेटाइटऐवजी कॅल्साइट येतंय, पेशीही मरतायत

रंकाळा_सोलजेल
नमस्कार. कोल्हापुरात एमएस्सीचा प्रोजेक्ट चालू आहे. सोल-जेलने (द्रावणाचं जेल करून ते तापवायचं) ५८एस ही हाडाला जोडली जाणारी काच बनवतोय (मोलमध्ये सिलिका ६०, कॅल्शियम ऑक्साइड ३६, फॉस्फरस पेंटॉक्साइड ४). ६० अंशांना ३ दिवस एजिंग, १३० ला वाळवण, मग ५०० अंशांना २ तास. १ ग्रॅम पूड ५० मिली एसबीएफमध्ये (रक्तातल्या क्षारांसारखं कृत्रिम द्रावण), ३७ अंशांना ७ दिवस ठेवली. एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखण्याची चाचणी) २९.४ अंशांना टोकदार पीक, ३१.८ जवळ, जिथे ॲपेटाइट (हाडातलं कॅल्शियम फॉस्फेट खनिज) दिसायला हवं, काहीच नाही. एमजी-६३ या हाडाच्या पेशींवर पूड थेट टाकली तर दुसऱ्या दिवशी मिडियम (पेशींचं पोषक द्रावण) गडद गुलाबी होतं आणि पेशी सुटून तरंगतात. गाईड म्हणतात काच बिघडली, परत बनव. आणि या पावसात कॅल्शियम नायट्रेटच्या बाटलीत लगदा झालाय, त्याचं काय करू?

भट्टी_७००
काच टाकून देऊ नका, आधी प्रमाण बघा. २९.४ म्हणजे कॅल्साइट (कॅल्शियम कार्बोनेट). १ ग्रॅम ५८एसमध्ये जवळपास ५.८ मिलिमोल कॅल्शियम असतं, आणि ५० मिली एसबीएफमध्ये फॉस्फेट फक्त ०.०५ मिलिमोल. काचेतला फॉस्फरस धरला तरी तिचं कॅल्शियम-फॉस्फरस गुणोत्तर ४.५ येतं, ॲपेटाइटला लागतं १.६७. उरलेलं कॅल्शियम बायकार्बोनेटला धरतं आणि पीएच चढल्यावर कॅल्साइट म्हणून खाली बसतं.

७५ मिलिग्रॅम पूड ५० मिलीत घ्या, म्हणजे १.५ मिग्रॅ प्रति मिली. ऑर्बिटल शेकरवर १२० आरपीएम. नुसती ठेवली तर पूड तळाशी थर धरते आणि खालच्या कणांना ताजं द्रावण मिळत नाही. ४ तास, २४ तास, ३ दिवस, ७ दिवस अशा वेगवेगळ्या बाटल्या लावा, एकाच बाटलीतून परत परत नमुना काढू नका. गाळल्यावर पाण्याने एकदा धुवून लगेच ॲसिटोन, नाहीतर फिल्टरवरच प्रतिक्रिया चालू राहते. एफटीआयआर (इन्फ्रारेड चाचणी) आधी करा: ॲपेटाइटची ५६० आणि ६०० ची जोडी एक्सआरडीच्या पीकआधी दिसू लागते.

उत्तरेश्वर_केमिस्ट
वरच्याशी सहमत, पण ५०० अंश हीसुद्धा चूक आहे. तेवढ्यात नायट्रेट पूर्ण जात नाही. एफटीआयआरमध्ये १३८४ ला अणकुचीदार रेषा असेल तर ते तेच, आणि पेशींना ते सोसत नाही. ७०० अंश, ३ तास, मिनिटाला ३ अंशांपेक्षा जास्त वेग नको. तपकिरी धूर निघतो, मफल फर्नेस हुडखालीच हवी. थर्मोकपल तपासून घ्या. फर्नेस जास्त तापून ८००-९०० च्या घरात गेली तर काच स्फटिक होऊ लागते.

१० ग्रॅम काचेसाठी: पाणी २४ मिली, २ नॉर्मल नायट्रिक ॲसिड ४ मिली, टीईओएस (यातूनच सिलिका मिळते) २०.२ ग्रॅम. आधी दोन थर दिसतात, ढवळत राहा, द्रावण एकजीव पारदर्शक झाल्यावरच ट्रायइथाइल फॉस्फेट २.३५ ग्रॅम. तासाभराने कॅल्शियम नायट्रेट टेट्राहायड्रेट १३.७ ग्रॅम.

त्या लगद्याचं वजन करून उपयोग नाही, त्यात जादा पाणी आहे, म्हणजे प्रत्येक बॅचला कॅल्शियम कमी पडणार. पाण्यात विरघळवून साठा द्रावण करा, पीएच १२-१३ ला म्युरेक्साइड (रंग बदलणारा सूचक) घालून ईडीटीएने टायट्रेट करा, म्हणजे त्यात कॅल्शियम नेमकं किती ते कळेल, आणि मोलने मोजून घाला. त्या द्रावणातलं पाणी २४ मिलीतून वजा करायला विसरू नका. जुलैत आपल्याकडे दुसरा भरवशाचा मार्ग नाही.

रंकाळा_सोलजेल
धन्यवाद! १३८४ ची रेषा आहेच. अजून एक, एसबीएफ बनवतानाच कधी कधी गढूळ होतं. तसं वापरलं तर चालेल?

पेशी_आणि_पीएच
अजिबात नाही, ओतून द्या. त्यात आधीच कॅल्शियम फॉस्फेट पडलंय, मग काचेने काय केलं ते कळणारच नाही. प्लास्टिकचं, ओरखडे नसलेलं भांडं घ्या, काचेचं बीकर नको. ३६.५ अंशांना क्षार क्रमाने, आधीचा पूर्ण विरघळल्याशिवाय पुढचा नाही. ट्रिस (पीएच स्थिर ठेवणारं बफर) चिमटीचिमटीने, पीएच ७.४५ च्या वर क्षणभरही जाऊ देऊ नका, शेवटी ७.४०. कॅल्शियम क्लोराइडही ओल धरतं, ताजं सुकवून वापरा. तयार एसबीएफ ५ ते १० अंशांना ठेवा आणि ३० दिवसांत संपवा.

पेशींबद्दल: मिडियम गुलाबी झालं म्हणजे पीएच ८ च्या पुढे गेला. सोडियम-कॅल्शियम बाहेर पडताना हायड्रोजन आयन काचेत शिरतात, पहिल्या काही तासांत हे सर्वात जोरात चालतं. (तुमच्या काचेत सोडियम नाही, कॅल्शियमच हे काम करतं.) म्हणून पूड थेट टाकू नका. आधी २४ तास मिडियममध्ये भिजवून ते मिडियम फेका, किंवा अर्क काढून ०.२२ मायक्रॉनने गाळून तोच द्या. सुरुवात १ मिग्रॅ प्रति मिलीपासून. एक कंट्रोल असा ठेवा ज्यात काच नाही, फक्त पीएच तेवढाच चढवलाय. त्याशिवाय पेशी पीएचने मेल्या की आयनांनी, हे सांगता येणार नाही. निर्जंतुकीकरण कोरड्या उष्णतेने, १८० अंशांना २ तास. ऑटोक्लेव्हमध्ये वाफेनेच पृष्ठभाग बदलायला लागतो.

भट्टी_७००
गाईडना एक्सआरडी दाखवताना १.५ मिग्रॅ आणि २० मिग्रॅ प्रति मिली असे दोन्ही नमुने शेजारी ठेवा, काच एकाच बॅचची घ्या. ७०० अंशांची बॅच झाली की १३८४ ची रेषा गेली का ते इथे कळवा, तोवर पेशी लावू नका.