मदत हवी आहे: स्टॅटिन चालू असूनही कॅल्शियम स्कोअर वाढला

वडील (वय 62) काही वर्षांपासून रोसुव्हास्टॅटिन 20 मिग्रॅ (कोलेस्टेरॉल कमी करणारी, स्टॅटिन गटातली गोळी) घेतात. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 160 वरून 68 वर आलं. तरीही नव्या सीटी स्कॅनमध्ये कॅल्शियम स्कोअर (हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साठलेल्या कॅल्शियमचं माप) 120 चा 210 झालाय. छातीत दुखणं, दम लागणं काही नाही. मधुमेह नाही, सिगारेट नाही, किडनीचे रिपोर्ट ठीक. कॅल्शियमच्या गोळ्याही घेत नाहीत, हे आधीच सांगते. दोन्ही स्कॅन एकाच मशीनवरचे.

वाचून एवढं समजलं की स्टॅटिनमुळे रक्तवाहिनीतल्या थरातली चरबी कमी होते आणि उरलेला थर घट्ट, कॅल्शियमयुक्त होतो. असा थर फुटण्याची शक्यता कमी. शिवाय अ‍ॅगॅटस्टन स्कोअरमध्ये (हाच तो कॅल्शियम स्कोअर) कॅल्शियमच्या क्षेत्रफळाला घनतेच्या गुणांनी गुणतात (हाउन्सफील्ड या सीटीवरच्या घनतेच्या एककात 130 पासून 1, 400 च्या पुढे 4). म्हणजे थर तेवढाच राहून नुसता घट्ट झाला तरी आकडा चढतो. घट्ट थर कमी धोक्याचा, तरी त्यालाच जास्त गुण; मला तर ही पद्धत उलटीच वाटते, पण असो. डॉक्टरांनी गोळी चालू ठेवायला सांगितली आहे, त्यामुळे ती बंद करण्याचे सल्ले कृपया नकोत.

अडचण अशी की स्टॅटिन न घेणाऱ्यांचाही स्कोअर वाढतोच. मग ही वाढ औषधामुळे की आजार पुढे सरकल्यामुळे, हे ओळखायचं कसं? रिपोर्टमध्ये घनता आणि आकारमान वेगळं दिलेलं नाही. जुन्या स्कॅनच्या सीडीवरून ते काढून मिळतं का? की मऊ थर दिसण्यासाठी डाय देऊन सीटी अँजिओग्राफीच करावी लागते, आणि काही त्रास नसताना ती कुणाला डॉक्टरांनी सुचवली होती का?